मांजरीला, कुत्रीला ‘ते तीन महिन्यांचं इंजेक्शन’ टोचण्याआधी

“ताई, ते बायकांचं तीन महिन्यांचं इंजेक्शन असतं ना, ते एक द्या. मांजरीला टोचायचंय.”

कराडला मंडईच्या वाटेवर माझं औषधांचं दुकान आहे. ही मागणी वर्षभर येते आणि भाद्रपद जवळ आला की कुत्र्यांसाठी जास्तच येते. मागणारी माणसं जीव लावणारी असतात. पदरमोड करून गल्लीतल्या जनावरांना दूध-भाकरी, कोंबडीचे पाय घालणारी. दर वर्षी पिल्लं गाडीखाली जाताना बघून त्यांच्या पोटात कालवतं. ऑपरेशनचा खर्च झेपत नाही, पकडायचं कसं ते कळत नाही, आणि कुणीतरी सांगतं की एक सुई मारली की काम झालं. मी ते इंजेक्शन देत नाही. का देत नाही आणि त्याऐवजी काय करायचं, हे काउंटरवर मागे रांग असताना नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

बायकांच्या या गर्भनिरोधक औषधाचं नाव मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. बाजारात ते डेपो-प्रोव्हेरा या नावाने मिळतं आणि सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने मोफत देतात. ज्या भगिनी हे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतात, त्यांनी पुढचं वाचून अजिबात धास्ती घेऊ नये. बाईचं शरीर वेगळं, कुत्री-मांजरीचं वेगळं. मी लिहिते आहे ते फक्त जनावरांबद्दल.

कुपी हातात घेऊन उजेडात धरली तर तळाशी पांढरा गाळ बसलेला दिसतो. हलवली की सगळं दुधाळ होतं. तो गाळ म्हणजेच औषध. स्नायूत टोचल्यावर ते तिथे साठून राहतं आणि महिनोन्‌महिने थोडं थोडं विरघळत रक्तात जातं. कुपी १ मिलीची, त्यात १५० मिलिग्रॅम औषध. ५० किलो वजनाच्या बाईला ते किलोमागे ३ मिलिग्रॅम पडतं. तीच कुपी ३ किलोच्या मांजरीला दिली तर किलोमागे ५० मिलिग्रॅम. “मग थोडंसंच टोचतो” असं लोक म्हणतात. पण गाळाचं औषध थेंबाथेंबाने मोजताना सुईत औषध किती आलं आणि पाणी किती, हे घरी कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय गोळीचा त्रास झाला तर दुसऱ्या दिवशी बंद करता येते. हे एकदा आत गेलं की बाहेर काढता येत नाही. त्रास सुरू झाला तरी औषध आपलं काम करतच राहतं.

मी मागणाऱ्याला तीन प्रश्न विचारते. ती गाभण आहे का? शेवटची माजावर कधी आली होती? वजन किती? रस्त्यावरच्या जनावराच्या बाबतीत तिन्हीची उत्तरं बहुतेक वेळा “काय माहीत” अशी येतात. या इंजेक्शनचा सगळा धोका या तीन उत्तरांत आहे.

पोटात नेमकं काय होतं

कुत्री साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या बऱ्याच कुत्र्या वर्षातून एकदाच, पावसाळा सरताना येतात आणि थंडीत वितात. माज संपला की जवळपास दोन महिने तिच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक (हार्मोन), चढलेलं असतं, मग ती गाभण असो वा नसो. या काळात गर्भपिशवीचं अस्तर जाड होतं, पिशवीचं तोंड मिटतं आणि आत शिरलेल्या जंतूंना हुसकून लावायची तिची ताकद कमी होते. म्हणून इंजेक्शन न देतासुद्धा, ऑपरेशन न केलेल्या कुत्रीच्या गर्भपिशवीत पू होण्याचा धोका असतोच. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दहा वर्षांची होईपर्यंत जवळजवळ चारातल्या एका कुत्रीला हा आजार झालेला आढळला होता.

हे इंजेक्शन प्रोजेस्टेरॉनच्याच कुळातलं. निसर्गाने दिलेले ते दोन धोक्याचे महिने आपण एका सुईने लांबवत नेतो. तेही माज सुरू असताना टोचलं तर आणखी वाईट, कारण तेव्हा पिशवीचं तोंड उघडं असतं, जंतू आत गेलेले असतात आणि आपण वरून दार लावून घेतो. अमेरिकेत १९६० च्या दशकात हेच औषध कुत्र्यांसाठी म्हणून बाजारात आणलं होतं. गर्भपिशवीचे आजार इतके होऊ लागले की ते मागे घ्यावं लागलं. म्हणजे हा प्रयोग करून झालेला आहे, आपल्या गल्लीतल्या कुत्रीवर तो पुन्हा करायची गरज नाही.

दुसरा घाव सडांवर पडतो. कुत्रीच्या स्तनग्रंथी या औषधामुळे स्वतःच वाढीचं संप्रेरक तयार करू लागतात. त्यातून गाठी होतात आणि कर्करोगाची शक्यता वाढते. तेच संप्रेरक रक्तात फिरून इन्सुलिनला दाद लागू देत नाही, म्हणून काही कुत्र्यांना मधुमेह होतो. काहींचं तोंड, जीभ, पंजे जाड होतात, घशातून घरघर येते. मांजरीतही मधुमेह होतो आणि मूत्रपिंडावरच्या लहान ग्रंथी दबून जातात. जिथे टोचलं तिथले केस कायमचे जाणं, कातडी पातळ होणं हेही दिसतं, पण त्याचं मला तितकंसं वाटत नाही.

मांजरीच्या बाबतीत एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे, ती सांगते. आमच्या दुकानामागे एका फुलवाल्या काकूंच्या हातगाडीखाली तिरंगी भाटी राहायची, जेमतेम वर्षाची. कुणीतरी कनवाळूपणाने तिला सुई मारली. काही आठवड्यांत तिचे सड सुजले आणि सुजतच गेले, भरताच्या वांग्याएवढे झाले. चालताना जमिनीला घासायचे. कातडी ताणून लाल-जांभळी झाली, एका ठिकाणी फुटली, त्यावर माश्या बसू लागल्या. काकू ओल्या फडक्याने पुसायच्या आणि ती तेवढ्यापुरती डोळे मिटून पडायची. हा कर्करोग नव्हता. प्रोजेस्टेरॉनच्या कुळातल्या औषधाने तरण्या मांजरींच्या स्तनग्रंथी अशा बेसुमार वाढतात, क्वचित हे औषध दिलेल्या बोक्यातसुद्धा. प्रोजेस्टेरॉनला अडवणारं एक औषध त्यावर आहे, पण ते सहज मिळत नाही. जखमा चिघळल्या तर जनावर त्यातच जातं. ती वाचली, कारण काकूंनी तिला वेळेत डॉक्टरांकडे नेलं, जखमांवर उपचार झाले आणि नंतर नसबंदी झाली.

सगळ्यात भयंकर प्रकार म्हणजे गाभण जनावराला टोचणं. वेणा सुरू व्हायला अंगातलं प्रोजेस्टेरॉन उतरावं लागतं. इंजेक्शनमुळे ते उतरतच नाही. दिवस भरतात, ६३ दिवस उलटून जातात, पिशवीचं तोंड उघडत नाही, पिल्लं आतच मरतात आणि कुजतात. मग पोट फाडण्यावाचून इलाज नसतो आणि तोवर आईच्या अंगात विष भिनलेलं असतं. वाचलेल्या पिल्लांत माद्यांची जननेंद्रियं नरासारखी झालेली, नरांचा मूत्रमार्ग भलतीकडे उघडलेला असं व्यंगही असू शकतं. कुत्रीचं किंवा मांजरीचं पोट पहिले तीन-चार आठवडे बाहेरून बघून कळत नाही. “पोट दिसत नाही म्हणजे गाभण नाही” हे गृहीत धरूनच बहुतेक सुया मारल्या जातात.

आधीच टोचून झालं असेल तर

घाबरून गप्प बसू नका आणि दुसरा डोस तर मुळीच देऊ नका. औषधाचं नाव, किती दिलं, कोणत्या तारखेला आणि कुठल्या पायात किंवा मानेत, हे कागदावर लिहा. कुपी टाकून दिली नसेल तर तिचा फोटो काढा. डॉक्टरांना या चार गोष्टी सांगितल्या की त्यांचं अर्धं काम सोपं होतं. टोचण्याआधी ती नरांत फिरली असण्याची जराही शक्यता असेल, तर तीन-चार आठवड्यांनी सोनोग्राफी करून घ्या. पिल्लं असतील तर डॉक्टर वेळेत ठरवतील की पिशवी काढायची की दिवस भरल्यावर सिझेरियन करायचं.

पुढचे काही महिने दर आठवड्याला तिला उताणी किंवा कुशीवर घेऊन सडांच्या दोन्ही रांगांवरून बोटं फिरवा. कुत्रीला साधारण दहा सड असतात, मांजरीला आठ. तांदळाच्या दाण्याएवढी गाठ लागली तरी दाखवा. मांजरीच्या स्तनातल्या दहा गाठींपैकी आठ-नऊ कर्करोगाच्या निघतात, कुत्रीत साधारण निम्म्या. “बघू, वाढते का ते” असं म्हणत थांबायची ही जागा नाही.

आणि खालची लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, रात्र असली तरी: पाणी भराभर पिणं आणि सारखं मुतणं, अन्न सोडणं, उलट्या, अंग गरम किंवा उलट गार पडणं, मागून पू किंवा रक्तमिश्रित घाण येणं. काहीच बाहेर येत नाही पण पोट तटतटून फुगलंय, ही तर त्याहून वाईट खूण, कारण पिशवीचं तोंड बंद आहे आणि सगळा पू आत साठतोय. यात अँटिबायोटिकच्या गोळ्या घालून दिवस काढू नका. अशा वेळी माझ्या दुकानात येऊन “पोट बिघडलंय, काहीतरी द्या” म्हणणाऱ्यांना मी थेट दवाखान्याचा रस्ता दाखवते.

डॉक्टरांनी स्वतः असं इंजेक्शन सुचवलं तर? काही ठिकाणी प्राण्यांसाठी बनवलेली, यापेक्षा सौम्य समजली जाणारी इंजेक्शनं किंवा गोळ्या असतात. कुळ तेच, धोकेही त्याच जातीचे. तेव्हा अदबीने विचारा: सोनोग्राफी करून गाभण नाही हे बघूया का? ती आत्ता माजाच्या कुठल्या टप्प्यात आहे? सडांना गाठी आहेत का ते तपासलंत का? साखर बघायची का? आणि ऑपरेशन का नको, याचं कारण काय? एखाद्या जनावराला भूल झेपणारच नसेल, तर डॉक्टर हे सगळं तोलून निर्णय घेतील, तो त्यांचा अधिकार. न तपासता, दारात उभ्या उभ्या सुई मारणाऱ्याला मात्र नाही म्हणा.

मग करायचं काय

नसबंदी. मादीचं अंडाशय, बहुतेक वेळा गर्भपिशवीही काढून टाकायची. एकदाच. लवकर केलेली जास्त चांगली. मांजरी चार-पाच महिन्यांच्या वयातच गाभण राहू शकतात, त्यामुळे “अजून पिल्लूच आहे” म्हणून थांबू नका. अमेरिकेतल्या २००५ च्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये स्तनांच्या कर्करोगाचा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला. कुत्रीचं नेमकं वय जात आणि आकार बघून डॉक्टरांना ठरवू द्या, थोराड जातींत ते थोडं थांबायला सांगतात. “एकदा तरी आई होऊ द्यावी” हा समज आपल्याकडे फार खोल रुजलाय. त्याने तिच्या तब्येतीला काहीही फायदा होत नाही.

ऑपरेशनलाही धोका असतो, तो लपवणार नाही. भूल द्यावी लागते, पोट उघडावं लागतं, काही कुत्र्यांना पुढे वय झाल्यावर झोपेत लघवी गळण्याचा त्रास होतो. पण तो धोका एका दिवसाचा, टेबलावरचा, डॉक्टरांच्या नजरेसमोरचा. सुईचा धोका पुढचे कित्येक महिने, कुणाचंच लक्ष नसताना चालू राहतो.

खर्चाचं बघू. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीचे केंद्र सरकारचे नियम २००१ पासून आहेत आणि २०२३ मध्ये नव्याने आले. त्यानुसार ही जबाबदारी नगरपरिषदेची, महापालिकेची. तेव्हा आधी तिथे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जात गल्लीचं नाव, माद्या किती, रंग काय, सकाळी किती वाजता कुठे सापडतात, हे लिहा. “भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त करा” एवढ्याच ओळीच्या अर्जाचं पुढे काही होत नाही असा माझा अनुभव आहे. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. जिथून उचललं तिथेच परत सोडायचं हा त्या नियमांतला मुद्दा आहे, आणि तो तुम्ही सोडायला आलेल्यांना आठवण करून द्यायचा.

मांजरींसाठी पालिकेची सोय सगळीकडे नसते. तेव्हा तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालयं आहेत, तिथे खाजगीपेक्षा पैसे कमी लागतात. आम्हाला कराडहून शिरवळ परवडतं. खाजगी डॉक्टरांकडेही जा, पण एकटे जाऊ नका. गल्लीतल्या चार घरांनी मिळून जा आणि “आमच्याकडे पाच माद्या आहेत, एकेक करून आणतो, दर काय लावाल?” असं विचारा. बरेच डॉक्टर रस्त्यावरच्या जनावरांसाठी हात राखून पैसे घेतात, फक्त विचारावं लागतं. पैसे कमी पडत असतील तर माद्या आधी करा. दहा बोके करून एक भाटी राहिली तर पिल्लं होणारच.

एक वही घाला. त्यात प्रत्येकीचा रंग, शेपूट, कान, कधी माजावर आली, कधी व्याली. काही महिन्यांत माझ्या त्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोनांची उत्तरं तुमच्याकडे तयार असतील आणि डॉक्टरांनाही तेच हवं असतं. कुत्र्यांचं काम भाद्रपदाच्या आधी, आषाढ-श्रावणात उरकलेलं बरं.

पकडण्याचं म्हणाल तर मांजरीला आठ-दहा दिवस पिंजऱ्यातच जेवायला घाला, दार उघडं बांधून ठेवून. सुकट ठेवलीत तर दुसरं काही लागत नाही. सवय झाली की ऑपरेशनच्या आदल्या रात्री दार लावायचं. पिंजऱ्यावर जुनी चादर टाका, अंधारात ती शांत बसते. कापडी पिशवीत, पोत्यात घालून नेऊ नका. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा. लहान पिल्लांना मोठ्यांएवढं उपाशी ठेवायचं नसतं.

तारीख मिळेपर्यंत

घरातली कुत्री माजावर आली तर तीन आठवडे गच्ची, अंगण बंद. बाहेर न्यायचं ते साखळीला बांधून, तुमच्या हातात. रक्त थांबलं म्हणजे धोका टळला असं लोक समजतात आणि नेमकं तेव्हाच सोडतात. साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्ताचा रंग फिका होतो आणि तेव्हाच ती नराला जवळ येऊ देते. मांजर माजावर आली की रात्रभर ओरडते, लोळते, शेपूट वाकडी करते. खिडक्यांच्या जाळ्या तपासा. नराशी गाठ पडली नाही तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा हेच, म्हणून तारीख लांबवू नका.

चुकून नर लागला तर “पाडायचं इंजेक्शन द्या” म्हणून येतात. हे स्त्री-संप्रेरकाचं इंजेक्शन कुत्रीच्या हाडांतला रक्त तयार करणारा मगज मारू शकतं आणि वरून गर्भपिशवीत पू होतो. तेही नको. डॉक्टरांना भेटा, सुरुवातीच्या दिवसांत नसबंदीच करून घेता येते.

घरी आणल्यावर

एक कोपरा, कोरडी गोणपाट-चादर, मंद उजेड. भूल पूर्ण उतरेपर्यंत खायला नको, नंतर थोडं थोडं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कोन घालतात, तो तिला आवडत नाही म्हणून काढू नका. रोज टाके बघा. लाल, ओले, फुगलेले दिसले तर फोन करा. दहा-बारा दिवस उड्या नकोत.

आणि एक गोष्ट औषधवाली म्हणून हात जोडून सांगते. कळ काढतेय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मांजरीला देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते, तिच्या यकृताला ती पचतच नाही. आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात फोड आणतं, मूत्रपिंडं निकामी करतं. वेदनेचं औषध डॉक्टरांनी वजन करून लिहून दिलेलंच द्यायचं.

नसबंदीनंतर भूक वाढते आणि अंगाला कमी लागतं, म्हणून वाढपात थोडी काटकसर करा, नाहीतर सुटतात. पिल्लं अंगावर असलेल्या भाटीची तारीख मात्र आत्ताच घेऊन ठेवा. दूध पाजतानाही ती पुन्हा गाभण राहते. पिल्लं सहा-आठ आठवड्यांची होऊन स्वतः खायला लागली की लगेच तिला न्या, आणि पिल्लांतल्या माद्यांचीही नावं वहीत त्याच दिवशी लिहून टाका.